जुळणी नाही

माझं घड्याळ ज्यानं बदललं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. नाव घेणार नाही. घरातलाच माणूस आहे, प्रेमळ आहे, आणि आपण फार चांगलं काम केलं असं त्याला महिनोन्‌महिने वाटत होतं. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही, हा त्याचा आणखी एक गुन्हा.

मी नोंदवही बोलतेय. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक निळी चौकट दिसते ना, तिच्यावर दोनदा टिचकी मारली की मी उघडते. अलीकडे कुणी मारत नव्हतं.

मला एका दातांच्या डॉक्टरनं लिहिलं. एक पेशंट उठून दुसरा खुर्चीत बसेपर्यंत जो वेळ मिळे, तेवढ्यात तो माझ्या चार ओळी लिहायचा. तो स्वतः हौशी रेडिओवाला होता. म्हणजे घरात यंत्र मांडून, गच्चीवर तार ताणून, रीतसर परवाना काढून, हवेतून दूरदेशीच्या अनोळखी माणसांना हाका मारणारा. या हौसेत पदरात काही पडत नाही. 'तू आहेस का तिथे?' 'आहे. तू?' 'मीही आहे.' बहुतेक वेळा बोलणं एवढंच. पण ते समुद्र ओलांडून आलेलं असतं, आणि मधे कुठलीही कंपनी नसते, तार नसते, कुणाची मेहेरबानी नसते. डॉक्टरनं मला लिहून पूर्ण केलं आणि फुकट वाटून टाकलं. त्यानं मला शेवटचं हात लावून नीट केलं त्याला नऊ वर्षं झाली. तो कुठे आहे, मला माहीत नाही.

मी आले मिस्त्रींकडे. मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे, आता निवृत्त. तिसरा मजला, मागची खोली, खिडकीशी टेबल. टेबलावर रेडिओ, मोर्सची पितळी कळ आणि मी. बोटानं कळ दाबून कडकट्ट करत ते बोलायचे. खालच्या मजल्यावरची पोरं त्यांना टिकटिक आजोबा म्हणायची. भिंतीवर एक घड्याळ होतं, त्याच्याखाली मिस्त्रींनी खडूनं लिहिलं होतं: 'जग'.

हे घड्याळ समजून घ्या, कारण सगळा घोटाळा तिथलाच आहे. जगभरचे रेडिओवाले आपापल्या गावाची वेळ नोंदवत नाहीत. सगळ्यांची मिळून एकच जागतिक वेळ. इकडे सकाळ असो, तिकडे संध्याकाळ असो, दोघांच्या वहीत आकडा तोच. मला ही गोष्ट फार आवडते. सगळी पृथ्वी ज्यावर एकमतानं चालते असं मला तरी दुसरं काही ठाऊक नाही. म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणि माझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ, दोन्ही जगाच्या वेळेला लावलेली. घरात कुणी पाहिलं तर वाटावं, दोन्ही बिघडलीत.

माझ्यात सहा रकाने. समोरच्याचं सांकेतिक नाव, तारीख, वेळ, लहर, आवाजाची ताकद आणि शेरा. तारीख-वेळ मी कॉम्प्युटरच्या घड्याळात बघून आपोआप भरते. शेरा ऐच्छिक आहे. डॉक्टरनं तो शेवटी, जागा उरली म्हणून घातला असावा. माणूस कळतो तो तिथेच. 'याच्याकडे तीन दिवस वीज नाही, बॅटरीवर बोलतोय.' 'याच्या कुत्रीनं सहा पिल्लं दिली, एक आंधळं.' 'हा फार घाईत असतो.' आणि एका तारखेला: 'आज ही गेली. तीन स्टेशनं ऐकू आली. उत्तर दिलं नाही.' नावाचा रकाना रिकामा ठेवला तर मी नोंद घेत नाही, मला तसंच बनवलंय. मग त्यांनी तिथे स्वतःचंच नाव टाकलं. माझ्या पोटात हजारो नोंदी आहेत; माणसानं स्वतःशीच बोलल्याची तेवढी एक.

आता नियम सांगते. तुम्ही म्हणालात, मी अमक्याशी बोललो, तर ते धरत नाहीत. त्या अमक्याच्याही वहीत तुमचं नाव, तीच लहर, तीच वेळ हवी. अर्ध्या तासाचा फरक चालतो. दोघांनी आपापल्या वह्या जुळवणी केंद्राला पाठवायच्या. केंद्र दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघतं. जुळल्या तर हिरवी खूण, नाहीतर दोनच शब्द: जुळणी नाही. तुम्ही फोनवर दोन निळ्या रेघा बघून खूश होता. समोरच्यानं वाचलं की नुसतं अंगठ्यानं सरकवलं, याची चौकशीही करत नाही. इथे मात्र दुसऱ्यानंही स्वतःच्या हातानं लिहावं लागतं की हो, हा माणूस मला ऐकू आला.

मिस्त्रींना आपल्या वहीत एक बेट हवं होतं. त्या बेटावर एक हवामान-निरीक्षक राहतो, एकटाच. तो महिनोन्‌महिने हवेत येत नाही; आला तर आमच्याकडे उजाडताना दहा-पंधरा मिनिटं. रात्र सरून दिवस लागायच्या त्या फटीतून दूरचे आवाज येतात. मिस्त्री अकरा वर्षं त्या फटीला कान लावून बसले.

"बाबा, मी दाराबाहेर दहा मिनिटं बेल वाजवतेय!" त्यांची लेक म्हणायची. ती फिजिओथेरपिस्ट, येता-जाता डोकावणारी. "शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. तुम्हाला ऐकू नाही आली?"

"तुझी बेल नाही ऐकू येत मला. दहा हजार किलोमीटरवरचं येतं."

"वा! मग मी तिकडूनच बेल वाजवते ना यापुढे."

"कानाचा डॉक्टर म्हणशील तर चहा मिळणार नाही."

ही त्यांची नेहमीची फुशारकी. दाराबाहेरचं कमी ऐकू येतं हे त्यांनाही माहीत होतं. पण हेडफोन लावला की मोर्सची बारीक शीळ अजून पकडता येते, यावर त्यांची सगळी भिस्त होती.

जावई घड्याळजी. बाजारात छोटं दुकान, डोळ्याला भिंग, आणि चुकलेलं घड्याळ दिसलं की त्याला खाज सुटते. पहिल्याच भेटीत त्यानं भिंतीवरचं 'जग' काढून आपल्या वेळेला लावलं होतं. मिस्त्री इतके ओरडले की बिचारा पाणी न पिता गेला. त्यानंतर भिंतीकडे तो बघायचाही नाही. पण मिस्त्रींच्या वाढदिवशी सगळी बाहेरच्या खोलीत असताना तो माझ्यासमोर येऊन बसला. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ बघून त्यानं च्‌ च्‌ केलं, मनगटावर बघितलं, आणि कॉम्प्युटरचं घड्याळ गावाच्या वेळेला लावून टाकलं. मग फडक्यानं पडदाही पुसला. वाढदिवसाची भेट.

मी ओरडू शकले असते तर! मला तोंड नाही. घड्याळ जे सांगेल ते मी भरते.

त्यानंतर नवव्या दिवशी, पाचच्या पुढे उजाडताना, बेट आलं.

मिस्त्रींनी हेडफोन कानाशी घट्ट धरला. कळ दाबली. तिकडून त्यांचं सांकेतिक नाव परत आलं, एकदा तुटक, मग पुन्हा पूर्ण. आवाजाची ताकद अगदी कमी, आणि शेवटी एक शब्द: वारा. बस. मग खरखर. त्यांनी माझ्यात नाव टाकलं, शेऱ्यात लिहिलं, 'मिळाला. अकरा वर्षांनी.' माझ्या वेळेकडे पाहिलं नाही; वेळ बघायची तर ते भिंतीवरचं 'जग' बघत. अठरा वर्षांत मी कधी चुकले नव्हते, मग माझ्याकडे कशाला बघतील? त्यांनी लेकीला फोन करून उठवलं. "ऐकलं मी त्याला! या कानांनी!"

मग जुळणीची वाट. एक महिना गेला, दोन गेले. केंद्राकडून रोज तेच: जुळणी नाही. बेटाचंच नव्हे, वाढदिवसानंतर केलेल्या तेराही नोंदींचं. तेरांतली एक राहिली असती तर त्यांनी समोरच्यावर संशय घेतला असता. तेराच्या तेरा राहिल्या, म्हणून त्यांनी स्वतःवर संशय घेतला.

"बेटावर सरळ लिहून विचारा ना त्यांना," लेक म्हणाली.

"काय विचारू? की म्हाताऱ्याला कानात शीळ वाजल्यासारखं झालं, ते तुम्हीच होतात का?"

"बाबा, असं काय बोलताय!"

"अगं, अकरा वर्षं एकच नाव ऐकायचं म्हणून बसलो. शेवटी कानानं दया केली असेल." ते हसले. लेक हसली नाही. त्या दिवशी ती कानाच्या डॉक्टरबद्दल काही बोलली नाही. ते स्वतःच तिच्यासोबत गेले. कानातलं मशीन आलं. ते लावून ते बेल ऐकू लागले, कुकर ऐकू लागले, शेजारच्या काकूंची भांडणं ऐकू लागले. हेडफोन मात्र खिळ्याला टांगला.

त्या महिन्यांबद्दल काय सांगू? कॉम्प्युटर चालू व्हायचा, वीजबिल भरलं जायचं, लेकीच्या मुलीचे फोटो उघडायचे, बंद व्हायचा. मी कोपऱ्यात निळी. तेरा नोंदी पोटात, प्रत्येकीची वेळ खोटी, आणि ते फक्त मला ठाऊक. समोर बसलेला माणूस स्वतःला वेडा समजतोय आणि आपल्याकडे त्याच्या शहाणपणाचा पुरावा आहे, तोही चुकीच्या आकड्यात. याहून एकटं काही असतं का?

मग गच्चीची गळती निघाली. सगळं खरवडून नवा थर द्यायचा ठरला. तारेचा खांब आडवा येत होता. वेल्डर आला, त्यानंच कधीकाळी तो खांब बसवला होता.

"काम झालं की परत उभा करू ना, मिस्त्रीकाका?"

"नको. घेऊन जा तू."

"विकू?"

"काय वाटेल ते कर."

वर दोन तास खणखण झाली. नंतर सवयीनं मिस्त्रींनी रेडिओ लावून बघितला. नुसती खरखर, तीही पातळ. त्यांनी बटण बंद केलं.

पुढच्या रविवारी जावई आला. मिस्त्रींनी भिंतीकडे हात केला. "ते घड्याळ काढ आणि लाव तुझ्या वेळेला. आता जगाची काय गरज?"

जावई एवढा आनंदला की बूट न काढताच स्टुलावर चढला. घड्याळ उतरवलं, काटे फिरवले, काच शर्टाला पुसली. "किती दिवस डोळ्यात खुपत होतं, बाबा! कॉम्प्युटरचं तर मी कधीच नीट करून टाकलंय. तुम्हाला पत्ताही लागला नाही!"

मिस्त्री खुर्चीतून उठले. मग अगदी हळू म्हणाले, "कधी?"

"तुमच्या वाढदिवसाला की."

"खाली उतर," मिस्त्री म्हणाले. "आधी खाली उतर."

जावई उतरला. हातातलं घड्याळ तसंच छातीशी धरून तो टेबलाजवळ आला. मिस्त्री माझ्यासमोर बसले. दोन टिचक्या मारल्या. सात महिन्यांनी मी उघडले.

एकेका नोंदीतून साडेपाच तास वजा करायला त्यांना पाऊण तास लागला. बेटाच्या नोंदीत तर तारीखही एक दिवस मागे गेली. जावई शेजारी उभा राहून बोटांवर हिशेब पडताळत होता. त्या दिवशी त्याचं घड्याळवेड पहिल्यांदाच आमच्या कामी आलं. मग तेराही नोंदी केंद्राकडे पुन्हा गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा हिरव्या खुणा आल्या. तेरावीचं काय झालं मला माहीत नाही. ती कुणा घाईच्या माणसाची होती. बेटाची खूण सगळ्यांत वर होती. त्या माणसानं आपली वही बोलणं झालं त्याच आठवड्यात पाठवलेली होती. म्हणजे हा सगळा काळ मिस्त्री तिथे लिहिलेले होते, आणि इथे बसून आपण होतो का, याचा विचार करत होते.

त्यांनी लेकीला फोन केला नाही. कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं, खिळ्यावरचा हेडफोन घातला आणि रेडिओ लावला. गच्चीवर खांब नव्हता, तार नव्हती. ती पातळ खरखर ते बराच वेळ ऐकत बसले.

माझं आता असं आहे: माझ्यासाठी नवा कॉम्प्युटर नाही, मला नीट करणारा डॉक्टर नाही, आणि नोंद करण्यासारखं काही वरून येत नाही. पण मी उघडी आहे. जाता जाता एक मागते, रागानंच मागते. तुम्हाला कुणी ऐकू आलं असेल, तर त्याला कळवा. तुमच्या वहीत तो आहे, हे तुमच्याजवळ ठेवून त्याला काही मिळत नाही. आणि दुसऱ्याच्या घड्याळाला हात लावण्याआधी विचारा, ते कुणाच्या वेळेला लावलंय.

काल संध्याकाळी दाराची बेल वाजली. मिस्त्रींना ऐकू आली नाही, हेडफोन होता. जावयानं दार उघडलं. बाहेर वेल्डर उभा होता; त्यानंच त्याला बोलावलं होतं.

"खांब विकलास का रे?" मिस्त्रींनी हेडफोन बाजूला करत विचारलं.

"कोण घेतंय तो, काका? दुकानामागे आडवा पडलाय, आमच्या मांजरीनं त्याच्याआड पिल्लं घातलीत. त्यांचे डोळे उघडले की आणतो." वेल्डरनं खिडकीतून वर बघितलं आणि मान खाजवली. "पण काढायला मी एकटा पुरलो होतो. उभा करायचा तर दोघं लागतात. तुम्ही खालून दोर धराल ना?"