स्मिथनंतर ज्युएल

व्हर्लिन लिंडक्विस्टची शवपेटी छत्तीस नंबरच्या रस्त्यानंच न्यायची, असं त्याच्या बायकोनं सांगितलं, तेव्हा लोर्ना पेट्रासेकला वाटलं की आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. व्हर्लिन त्या रस्त्यानं स्मिथ सेंटरच्या पुढं जात नसे, हे अख्ख्या ओबरलिन गावाला ठाऊक होतं. तिथं पोचलं की तो गाडी उत्तरेला घालायचा, राज्याची हद्द ओलांडून नेब्रास्कात रेड क्लाउडला जायचा आणि तिकडून भलामोठा वळसा मारून हार्डीवरून खाली रिपब्लिक काउंटीत, म्हणजे त्या जिल्ह्यात, उतरायचा. त्याचं मूळ गाव तिकडं. दर वर्षी मे महिन्यात तो कबरींवर फुलं ठेवायला जायचा तोही असाच. कॉफीच्या टेबलावर लोक त्याची मापं काढायचे.

"व्हर्लिन, मधल्या ज्युएल काउंटीत पोलिसांना हवा आहेस का काय रे?"

तो हसायचा, कपातलं संपवायचा आणि बोलणं पावसावर न्यायचा.

लोर्ना तिच्या दिराच्या अंत्यविधीच्या व्यवसायात शववाहिका चालवायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं दणकट, कमी बोलणारी बाई. मेलेल्यांचं तिला काही वाटायचं नाही. जिवंत नातेवाईक शेजारी बसले की मात्र तिला अवघडल्यासारखं व्हायचं. आणि त्या दिवशी सकाळी शवपेटी आत सरकवून ती दार लावते तोच ट्विला लिंडक्विस्ट पुढच्या दाराशी उभी. काळा कोट, हातात कॉफीचा थर्मास, कानात ऐकायचं यंत्र.

"मिसेस लिंडक्विस्ट, तुम्ही पुतण्याबरोबर जाणार होतात ना? त्याच्या गाडीत ऊब तरी बरी असेल."

"पुतण्याला मी पुढं पाठवलं. नवऱ्याला एकट्यानं पाठवायची आमच्यात रीत नाही. ती तुझी पर्स उचल, मला बसू दे." बसल्यावर तिनं पट्टा ओढून घेतला. "आणि हे बघ, सरळ जायचं. कुठं वळायचं नाही."

"रस्ता सरळच आहे."

"मला माहीत आहे कसा आहे ते."

ऑक्टोबर संपत आला होता. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं गंजल्यासारखी तांबडी झालेली, आणि वारा गाडीला सारखा एका अंगाला ढकलत होता. काउंटीच्या हद्दीची हिरवी पाटी आली तशी ट्विला म्हणाली, "डीचा डिकेटर संपला. एनचा नॉर्टन. जोडली."

लोर्नानं नुसती मान हलवली. पुढं फिलिप्सची पाटी आली. "पीचा फिलिप्स. जोडली." आता लोर्नानं हळूच तिच्याकडं पाहिलं.

"वेड नाही लागलं मला," ट्विला म्हणाली. "खेळ आहे तो. डिकेटर, नॉर्टन, फिलिप्स, स्मिथ. एबीसीडीच्या क्रमानं येतात की नाही? एका मागं एक, चार काउंट्या. मुद्दाम कुणी लावल्यासारख्या. स्मिथनंतर मात्र ज्युएल. एसनंतर जे. तिथं साखळी तुटते. पुढं परत ज्युएल, रिपब्लिक, वॉशिंग्टन अशी जोडत जाते."

"इतकी वर्षं ये-जा करते मी, कधी लक्षात नाही आलं."

"व्हर्लिनच्या आलं होतं. त्याचं डोकं असल्याच गोष्टींत. लोकांचे गहू कापत टेक्सासपासून वर डाकोटापर्यंत हिंडायचो आम्ही उन्हाळाभर. आमची कापणी यंत्रं होती. तासन्‌तास ट्रकमध्ये बसायचं, करायचं काय? मग हा पोरीला खेळ शिकवायचा."

ओबरलिनच्या लोकांना लिंडक्विस्टांना मूलबाळ नाही एवढंच माहीत होतं. लोर्नालाही तेवढंच. ट्विलानं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली, पण ती प्यायली नाही.

"मार्लिस नाव तिचं. नऊ वर्षांची होती. कापणी आटोपून आम्ही रिपब्लिकला, तेव्हाच्या आमच्या घरी, निघालो होतो, असंच, याच रस्त्यानं. ती बापाबरोबर ट्रकमध्ये, मी मागं जेवणाखाण्याची गाडी घेऊन. ट्रकचं दार नीट लागत नव्हतं. व्हर्लिन म्हणायचा, कापणी झाली की बघतो. ज्युएलच्या हद्दीच्या पाटीजवळ ती सीटवर गुडघे टेकून उभी राहिली. दाराला टेकली, आणि ते उघडलं."

वाऱ्यानं गाडी हलली. लोर्नानं चाक घट्ट धरलं.

"तुम्ही मागं होतात," ती म्हणाली.

"मी मागं होते."

स्मिथ सेंटर गेलं. जिथून व्हर्लिन वळायचा तो फाटा डावीकडं मागं पडला. ट्विलानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. लेबननची धान्याची उंच कोठारं दिसली, ती मागं गेली. मग नुसतं रान, तारा, आणि समोर चढावर ती हिरवी पाटी. ट्विलाचे ओठ मिटलेले होते. ही पाटी ती वाचणार नाही, हे लोर्नाच्या ध्यानात आलं. रेडिओ बंद होता, काचा वर होत्या.

पाटी बाजूनं गेली त्याच क्षणी लोर्नाच्या उजव्या खांद्यामागून, दोन सीटांच्या मधून, कुणीतरी बोललं.

"ज्युएल. आधी मी."

लहान मुलीचा आवाज. अगदी जवळून. जिंकल्यावर पोरं बोलतात तसा, थोडा धापा टाकत. मानेला उबदार श्वास लागल्याचं लोर्नाला स्पष्ट जाणवलं. तिनं ब्रेक दाबला, गाडी कडेच्या खडीवर घसरत थांबली. ट्विलाची कॉफी कोटावर सांडली.

मागं पाहायला लोर्नाचा धीर होईना. शेवटी पाहिलं. काच, काचेपलीकडं शवपेटी, तिच्यावरची फुलं. बस.

"हरीण आडवं आलं," ती म्हणाली.

"हरीणबिरीण काही नव्हतं. मीही पुढंच बघत होते." ट्विला रुमालानं कोट टिपत होती. तिचा हात थांबला. "तू पांढरीफटक पडली आहेस. काय ऐकलंस?"

"काही नाही. वारा असेल."

"लोर्ना, मला शब्द सांग. जसेच्या तसे."

सांगितलं तर काय आणि न सांगितलं तर काय, याचा विचार करायला लोर्नाजवळ वेळ नव्हता. म्हातारीचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते. तिनं सांगितलं.

एक धान्याचा ट्रक शेजारून गेला, त्याच्या वाऱ्यानं शववाहिका डुलली.

"आधी मी," ट्विला म्हणाली. "हे तुला मी बोलले नव्हते."

"नाही."

"पाटी जो आधी वाचेल तो जिंकला, असं होतं. व्हर्लिनला आधी दिसायची, पण तो थांबायचा, तिला म्हणू द्यायचा. आणि ती दर वेळी म्हणायची, आधी मी." तिनं रुमालाची घडी घातली, परत मोडली. "मागच्या आठवड्यात त्यानं मला सांगितलं. अगदी जायच्या आधी. पुढच्या वर्षीच्या कापणीला तो इथून एकटा गेला होता, तेव्हा त्याला ऐकू आली ती. नंतर परत यायची हिंमत झाली नाही त्याची. इतकी वर्षं मी समजत होते, जागा बघवत नाही म्हणून हा वळसा घालतो. मीही निमूट शेजारी बसून गेले रेड क्लाउडवरून."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून बोलले नसतील."

"त्रास?" ट्विला वळून लोर्नाकडं बघायला लागली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग होता. "अगं, मला तेच हवं होतं. तो बाजाराला गेला की मी गाडी काढून इथं यायचे. काच खाली करून. हळूहळू चालवत. कितीदा आले असेन. मला कधी एक शब्द आला नाही. त्याला आला, आणि तो घेऊन बसला एकटा. आणि आता तुला. तू कोण तिची?"

लोर्नानं गिअर टाकला.

"वळव गाडी," ट्विला म्हणाली.

"मिसेस लिंडक्विस्ट, तिकडं चर्चचे पाळक वाट बघतायत. कबर खणून ठेवली आहे."

"ती कुठं पळून जात नाही. वळव."

लोर्नानं गाडी वळवली. लेबननच्या बाजूला थोडं मागं जाऊन ती पुन्हा पूर्वेला निघाली. ट्विलानं आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. गार वारा आत घुसला. पाटी आली आणि गेली. काही नाही. "परत," ट्विला म्हणाली. या खेपेला काच वर. तरी काही नाही. मधेच लोर्नाचा फोन वाजला, पाळक विचारत होते कुठवर आलात. टायरकडं बघतोय, असं सांगून तिनं फोन ठेवला. आयुष्यात पाळकाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली असेल.

शेवटच्या खेपेला ट्विलानं कानातल्या यंत्राचा आवाज वाढवत नेला, इतका की ते बारीक शीळ घालायला लागलं. तसंच कान पुढं करून ती बसली, शाळेत मास्तरांचं नीट ऐकू न येणाऱ्या मुलासारखी. पाटी गेली. शीळ तेवढी चालू राहिली.

तिनं यंत्र काढून मुठीत धरलं. "बास कर आता," ती म्हणाली. "लोक थंडीत उभे आहेत."

रिपब्लिक काउंटीतल्या स्कँडियाच्या पलीकडच्या माळावर दफन झालं. मुलीच्या शेजारीच बापाची जागा होती. ट्विला रडली नाही. पाळकानं हात हातात घेतला तेव्हा तिनं तो सोडवून घेतला आणि पुतण्याच्या गाडीत जाऊन बसली. लोर्नाला ती काही बोलली नाही. ओबरलिनला रिकामी शववाहिका घेऊन परतताना लोर्नानं रेडिओ मोठ्यानं लावला होता, आणि तरी ती सबंध रस्ताभर पाठ सीटला टेकवून बसली नाही.

त्यानंतर तिचं काहीतरी बिघडलंच. दुकानात रांगेत एखादं पोर "आधी मी" म्हणालं की हातातली वस्तू खाली पडायची. नवऱ्याला तिनं एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, दुसऱ्याचं दुःख ऐकत गाडी चालवलीस, डोक्यात गेलं. तसंही असेल, असं तीही म्हणाली. पण मानेवरचा तो श्वास तिच्या डोक्यातला नव्हता. पूर्वेकडची कामं ती दिराच्या अंगावर ढकलायला लागली.

मे महिन्यात ट्विलाचा फोन आला.

"मला तुझे कान हवेत," ती म्हणाली. नमस्कार नाही, चौकशी नाही.

नाही म्हणायचं लोर्नाच्या जिवावर आलं होतं, आणि जायचंही. ती गेली. या वेळी तिची स्वतःची गाडी होती. गहू हिरवागार, पोटरीला आलेला. ट्विला हिवाळ्यात वाळली होती, पण सगळ्या पाट्या तिनं नीट वाचल्या. लेबनन गेल्यावर तिनं लोर्नाच्या मनगटावर हात ठेवला. पाटी आली. लोर्नाचे खांदे कानाला लागले होते. पाटी मागं पडली.

पुढं एस्बन गावचा फाटा दिसला.

"खोटं बोलू नकोस," ट्विला म्हणाली.

"काहीच नाही आलं. खरंच. मागच्या वेळी मागं कुणीतरी आहे असं वाटलं होतं. आज तसंसुद्धा वाटलं नाही."

ट्विलानं हात काढून घेतला. "म्हणजे गेली. बाप येईपर्यंत थांबली होती. तो आला, आणि गेली त्याच्याबरोबर." थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्यासाठी नाही थांबली."

"तुम्ही नेहमीच मागून यायचात," लोर्ना म्हणाली. "तिला ते माहीत होतं. मागच्या गाडीची वाट कोण बघतं? ती येतेच."

"हे पाळक बोलला असता तर मी उठून गेले असते."

"मला जे सुचलं ते बोलले."

"कळलं ते." ट्विलानं बाहेर पाहिलं. "गाडी परत घे. मला त्या पाटीपाशी उतरायचं आहे. तू आतच बस."

लोर्नानं तिला हद्दीवर सोडलं. म्हातारी खडीवरून एकेक पाय जपून टाकत पाटीपर्यंत गेली आणि खांबाला हात लावून उभी राहिली. तिचे ओठ हलताना दिसले. ती नाव वाचत होती की हाक मारत होती, वाऱ्यात काही समजलं नाही. मग ती गप्प झाली आणि मान किंचित कलती करून थांबली, समोरचा आता उत्तर देईल अशी. ट्रक येत होते, जात होते. कुणीतरी वेग कमी करून पाहिलं आणि पुढं गेलं.

लोर्ना गाडीत बसून होती. मागच्या सीटवर ट्विलाचा कोट पडला होता. गाडी रस्त्यावर घ्यायची तर आरशात पाहावंच लागतं. ट्विला परत येऊन बसली, पट्टा लावला, पुढं मँकेटो गावात काहीतरी खाऊ या म्हणाली, तरी आरशात मागं कोण दिसेल या धास्तीनं लोर्नाची नजर काही वर होईना. ती तशीच रस्त्याकडं बघत बसली. ट्विलानं तिला घाई केली नाही.