अँटेनाचं तोंड समुद्राकडे

खोक्यातून अँटेना बाहेर निघाली तेव्हा सासूबाईंनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी एवढा लांब खोका? मला वाटलं पंखा आलाय. हा तर माशाचा काटा दिसतोय नुसता!"

"काटा नव्हे, कान आहे कान," सासरे म्हणाले. "जिकडे तोंड कराल तिकडचंच ऐकणारा."

"म्हणजे अगदी तुमच्या उलट. तुम्ही समोरच्याचं सोडून सगळ्यांचं ऐकता."

इथे हसायचं असतं, हे सुनेला कळलं. तिनं ओठ हलवले. मांडीवर सात महिन्यांची ठमी झोपली होती. तिच्या नाकापुढे सूनबाईंनी बोट धरलं, श्वास लागला, बोट काढलं आणि थोड्या वेळानं पुन्हा धरलं. दिवसभर हे असंच चालायचं. रात्रीही.

अँटेना तिनेच मागवायला लावली होती. स्कॅनर सासऱ्यांचा. पुस्तकाएवढा काळा डबा, कुणीतरी बोलत असेल त्या चॅनलवर आपोआप थांबणारा. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, सासरे जगाची बोलणी ऐकायला लागले: अग्निशमनवाले, विमानतळ, बंदर. नवरा बंदरातल्या एका टगबोटीवर, म्हणजे मोठी जहाजं दोरानं ओढणाऱ्या बोटीवर, कप्तान होता. दोन महिन्यांपूर्वी टग बाहेरच्या नांगरतळावर, पार क्षितिजाशी, राहणार असं सांगून तो निघाला, आणि तेव्हापासून घरी आला नव्हता. संध्याकाळी जरा रेंज आली की पाच मिनिटं फोन करायचा. उरलेल्या वेळात तो बुडालाय की तरंगतोय, हे तिला कळायला एकच मार्ग होता. सासऱ्यांचा तो डबा.

डब्याच्या बोटभर अँटेनावर त्याचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण बोलण्याआधी तो खाकरायचा, ते कळायचं. तेवढं पुरायचं तिला. खाकरला म्हणजे आहे. गेल्या काही दिवसांत तेही नीट येईना, तेव्हा ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, समुद्राकडे तोंड करून मोठी अँटेना लावू या. मला ऐकू आलं पाहिजे."

ठमीला आणि स्कॅनरला सासूबाईंच्या हवाली करून दोघं गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीशेजारी एक लोखंडी पाइप होता, जुन्या टीव्हीच्या अँटेनाचा. सासऱ्यांनी नवी अँटेना त्याला धरली, काड्या आडव्या करून, अगदी सवयीनं.

"बाबा, काड्या उभ्या हव्यात."

"उभ्या? आयुष्यभर आडव्याच लावल्या मी. चित्र झकास यायचं."

"टीव्हीला आडव्याच. बोटीवरची काडी उभी असते ना, मग ऐकणारीही उभी लागते. खोक्यातल्या पत्रकात लिहिलंय." कॉलेजात तिला फिजिक्स होतं. तेव्हाचं काहीतरी आठवत होतं, दुसऱ्याच कुणाचं शिक्षण आठवावं तसं.

"आमच्याकडे बोलणारी आडवी पडून बोलते आणि ऐकणारा उभा राहून ऐकतो," सासरे म्हणाले. "चाळीस वर्षं सिग्नल कधी चुकला नाही."

पण त्यांनी काड्या उभ्या केल्या. पाइप काड्यांच्या मधे येऊ नये म्हणून क्लॅम्प पार शेपटीला बसवला. शेवटची लांब काडी मागे, सगळ्यात आखूड पुढे, आणि पुढे म्हणजे दोन इमारतींच्या फटीतून दिसणारी समुद्राची राखाडी पट्टी. पावसाचं पाणी वायरवरून घरात उतरू नये म्हणून तिनं वायरला खाली एक झोल दिला आणि चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. हात बरोबर कामं करत होते. सासऱ्यांनी नट अजून ढिलाच ठेवला. आधी दिशा, मग पाना.

"अगं ऐकतेस का!" त्यांनी कठड्यावरून खालच्या खिडकीत हाक दिली. "काय येतंय?"

"कुणीतरी दोरी ढिली सोड म्हणतोय!" खालून आवाज आला. "मग दुसरा म्हणतोय, सोडलीच आहे. भांडतायत. अगदी स्वच्छ!"

"आपला आहे का?" सूनबाईंनी विचारलं.

"नाही गं. हे दोघं घसा बसलेले आहेत."

वाट पाहिली. वारा होता. खाली ठमी रडत नव्हती, म्हणून ती जिन्याच्या दाराशी जाऊन कान देऊन आली. मग सासूबाई ओरडल्या, "खाकरला! आपलाच! पण विहिरीतून बोलतोय."

सासऱ्यांनी अँटेना जरा डावीकडे केली. "आता?"

"गेला."

"आता?"

"दोरीवाले पण गेले. काय करताय काय तुम्ही?"

उजवीकडे वळवायला गेले तर वायर टाकीच्या नळात अडकली. ती सोडवायची तर अँटेना उलट्या बाजूनं पूर्ण फिरवून आणावी लागणार होती. सासरे पुटपुटत ती फिरवू लागले, आणि ती शहराच्या अंगावरून अर्धीच गेली असेल, तोच खालून किंकाळीच आली.

"आला! अगं आला! शेजारी बसल्यासारखा! आता हात लावू नका कुणी!"

दोघंही अँटेनाच्या आखूड काडीसमोर पाहत राहिली. तिच्यासमोर समुद्र नव्हता. छपरं होती, गोदामं होती, आणि त्यांच्यापलीकडे खाडीच्या आत दुरुस्तीच्या यार्डातल्या क्रेनचा पिवळा हात होता. बोट दुरुस्तीला लागली की नवरा तिथे असायचा. सायकलवर घरी जेवायला यायचा तेव्हा.

"उलटी तर नाही ना बसवली आपण?" ती म्हणाली.

सासऱ्यांनी काड्या चाचपल्या. उलटी नव्हती. "भिंतींवर आपटून फिरतो कधी कधी आवाज," ते म्हणाले. "इमारती किती झाल्यात बघ मधे."

"पुन्हा समुद्राकडे करा."

केली. "गेला!" सासूबाई वैतागल्या. "आलेल्या पोराला घालवताय कशाला? इथे दोरीवालेच बसलेत पुन्हा."

"पुन्हा तिकडे."

"हां, आला. म्हणतोय, वेल्डिंगवाल्याला पाठव."

तिसऱ्यांदा वळवायची गरज नव्हती, तरी तिनं वळवायला सांगितली. दोरीवाले समुद्रातून येत होते, तो यार्डातून येत होता. सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि घातलाच नाही. हातात पाना होता.

"कुठे आवळू?" त्यांनी विचारलं.

"आहे तिथेच."

खाली सासूबाई स्कॅनरला टेकूनच बसल्या होत्या. ठमी त्यांच्या खांद्यावर. "बाई बाई, किती स्पष्ट! समुद्रातून इतकं स्पष्ट!" त्या म्हणाल्या. मग त्यांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. तेवढ्यात स्कॅनर पुन्हा त्या चॅनलवर थांबला.

"चल रे, आज तरी घरी जा," कुणीतरी म्हणत होतं. "वीस मिनिटांचा तर रस्ता."

नवरा खाकरला. "नको. इथेच झोपतो. इथे निदान झोप लागते."

"आणि टग? बाहेर जायचं कधी?"

"मी नाही जात आता बाहेर. सांगितलंय ना साहेबांना."

मग खरखर, मग दुसरंच चॅनल, कुठल्या तरी विमानाचं. सासूबाईंनी स्कॅनरचं बटण फिरवलं. डबा बंद झाला.

"असेल काहीतरी," त्या हळूच म्हणाल्या. "तो तसा नाहीये गं."

"हो," ती म्हणाली. तिनं ठमीला घेतलं, पाजायला बसली. दाढ काढायला डॉक्टर सुई टोचतात, मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, त्यावर बोट दाबलं तरी कळत नाही. तसं झालं होतं. दोन महिने ती प्रत्येक लाटेला घाबरत आली होती, आणि लाट नव्हतीच. तो सुखरूप होता. हीच बातमी तिला हवी होती ना? ती तिनं पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिली. आत काही हललं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. सासरे वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

"रेंज आली एकदाची," नवरा म्हणाला. "खवळलाय आज समुद्र. ठमी काय करतेय?"

"झोपलीय. यार्डात झोपायला जागा पुरते का?"



"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. नवी अँटेना लावली. तुझ्याकडे तोंड केल्याशिवाय तू येईचनास."

त्याला लगेच समजलं. रेडिओवरच आयुष्य गेलेलं. तो खाकरला. "मागे जहाज ओढताना दोर तुटून कानाशेजारून गेला ना एकदा, तेव्हापासून पाण्यावर पाय ठेववत नाही. ठमीचाच चेहरा येतो डोळ्यांसमोर. बाबांना कसं सांगू? म्हणून यार्डातलं काम मागून घेतलं."

"मग घरी का नाही आलास?"

"घरी तू रात्रभर तिच्या नाकापुढे बोट धरून बसतेस. मला वाटतं, भीती इथेच राहते. आपल्या घरात. आणि मला ती पाहवत नाही." मग घाईघाईनं, "तुला बोल नाही लावत गं मी."

"मी एकटी बसते," ती म्हणाली. आवाज चढला नाही. किराणा सांगावा तसा आला. "तू वीस मिनिटांवर झोपतोस आणि मी एकटी बसते."

"हो."

"उद्या घरी ये. रात्री तू बसायचं. बोट धर नाहीतर धरू नको, पण जागा राहा. मी झोपणार आहे."

"आणि मग?"

"मग तू सांगशील बाबांना. नाहीतर नको सांगूस, त्यांना कळलंय. मला आधी झोपायचंय, पुढचं पुढे."

"रागावलीस?"

तिनं खरंच आत शोधून पाहिलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "अजून काही वाटत नाहीये. वाटलं की सांगेन."

फोन ठेवला तेव्हा सासूबाई पाळण्याशी उभ्या होत्या. त्यांनी झोपलेल्या ठमीला दुपट्यासकट उचललं आणि आपल्या खोलीकडे निघाल्या. ठमी झाल्यापासून एका रात्रीसाठीही सूनबाईंनी तिला दुसऱ्या खोलीत जाऊ दिलं नव्हतं. सासूबाई दारात घुटमळल्या, मागे वळून पाहिलं.

"न्या," ती म्हणाली. "दूध काढून ठेवते."