पुतळ्याच्या जागेवरचा गाडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गाडा आहे. चाके मला कधीच नव्हती. माझ्या पुढच्या अंगाला कातडी गाद्या होत्या आणि खाली दोन घसरपट्ट्या. आमच्या अलाबामात जो फुटबॉल खेळतात त्यात पायापेक्षा खांदा जास्त लागतो, आणि तो खांदा कॉलेजच्या पोरांनी माझ्यावर घडवला. पोरे मला ढकलत. मागच्या फळीवर त्यांचे कोच उभे राहून ओरडत. ऊन उतरेपर्यंत आमचे हेच चाले.

माझ्यावर बरेच कोच उभे राहिले, पण नाव राहिले दोघांचे. कोच ब्रॅनम अंगाने भरलेले. त्यांना पीचची फळे भरून भाजलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ फार आवडे. दर हंगामात ते थोडे जड होत, तसा मी जड होई, तशी पोरे दणकट होत आणि कॉलेज सामने जिंकत जाई. त्यांच्यामागून कोच टीग आले. ते काटकुळे, हळू बोलणारे. ते फळीवर चढले तरी मला कळत नसे. लोक या दोघांची तुलना डावपेचांवरून करतात. मला विचाराल तर मी वजनावरून करीन, पण मला कोणी विचारत नाही.

पुढे नव्या पद्धतीचे गाडे आले आणि मला मैदानाच्या फाटकाबाहेर ओकच्या झाडाखाली टाकून दिले. गाद्या उंदरांनी नेल्या. मी गंजलो. माझे दिवस संपले असे मला वाटले होते. पण दर शनिवारी सामन्याआधी व्हर्लन आणि क्लेल हे दोन म्हातारे माझ्याशेजारी शेगडी मांडून डुकराच्या बरगड्या भाजू लागले. तरुणपणी दोघांनीही मला ढकलले होते. व्हर्लन ब्रॅनमच्या हाताखाली, क्लेल टीगच्या. व्हर्लन माझ्या उजव्या टोकाला बसे, क्लेल डाव्या. क्लेलची बायको मॅव्हिस उकडून भरलेल्या अंड्यांचा डबा मध्ये ठेवी, आणि मग सर्वांत मोठा कोच कोण यावर जुंपे.

एका शनिवारी कॉलेजच्या मिस रोवीना आल्या. फाटकाजवळ एका कोचचा पुतळा उभारायचा होता, आणि कोणाचा ते जुने खेळाडू म्हणून या दोघांनी ठरवायचे होते.

"मिस्टर व्हर्लन, मिस्टर क्लेल, तुम्ही एका नावावर आलात की मला सांगा," त्या म्हणाल्या. "सोमवारी ट्रक बोलावते. हे भंगार उचलून नेतील, आणि इथेच चौथरा बांधू."

भंगार म्हणजे मी. मित्रांनो, त्या दिवसापासून मी एकच प्रार्थना करू लागलो, की या दोघांचे कधी जमू नये.

माझी प्रार्थना फळत होती.

"टीगचा पुतळा कसा करणार?" व्हर्लन विचारी. "माणूस सदा खिशात हात घालून उभा."

"बरंच आहे की. बोटांचं ब्राँझ वाचेल."

"ब्रॅनमच्या नावानं गावात अख्खा रस्ता आहे."

"बघितलाय. सगळा खड्ड्यांचा."

"आणि टीगच्या नावानं काय आहे? हॉटेलातलं एक सँडविच. त्यात मांस शोधावं लागतं."

"टीगनं पोरांना कधी शिवी दिली नाही, व्हर्लन. पोरगं आजारी पडलं तर स्वतः गाडी काढून घरी सोडायचा."

"सोडणारच. सामने जिंकायचे नव्हते, वेळच वेळ होता."

मॅव्हिस म्हणे, "दोघंही खा आता." मग तेवढा वेळ शांतता. असे तीन हंगाम गेले. मी सुखात गंजत होतो.

चौथ्या वर्षी, उन्हाळा सरता सरता मॅव्हिस गेली.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी क्लेल आला आणि आपल्या टोकाला बसून राहिला. व्हर्लनने शेगडी पेटवली. घरून स्वतः भरून आणलेली अंडी त्याने मध्ये ठेवली. अंड्यांचे आकार बघवत नव्हते.

"ब्रॅनम असता तर यंदाच्या पोरांना सरळ केलं असतं," व्हर्लनने सुरुवात केली.

"असेल," क्लेल म्हणाला.

"टीगला नसतं जमलं."

"नसेल."

व्हर्लनने चिमटा खाली ठेवला. तेवढ्यात मिस रोवीना आल्या. क्लेलशी सांत्वनाचे चार शब्द बोलून झाल्यावर त्यांनी नेहमीच्या सवयीने विचारले, "मग, ठरलं का?"

व्हर्लनने क्लेलकडे पाहिले. "ठरलं," तो म्हणाला. "टीगचा करा."

माझ्या अंगाचा गंज झडला. मिस रोवीनांनी ट्रकसाठी फोन बाहेर काढला.

"थांबा," क्लेल म्हणाला. तो व्हर्लनकडे वळला. "काय म्हणालास?"

"टीगचा करा म्हणालो. चांगला कोच होता."

"सगळं आयुष्य त्याला बुजगावणं म्हणालास, आणि आज चांगला झाला? माझी बायको गेलीय, व्हर्लन. माझं डोकं जागेवर आहे."

"अरे, मी आपलं तुला बरं वाटावं म्हणून..."

"ही दया मला नको. आणि ती अंडीही घेऊन जा. हे काय भरलंयस यात?"

"वाटलेली मोहरी."

"एवढी?"

"मग मी करू तरी काय, क्लेल?"

"नेहमीचं कर."

व्हर्लनने चिमटा पुन्हा उचलून एक बरगडी उलटली. मग म्हणाला, "टीग बुजगावणं होता."

"आता कसं," क्लेल म्हणाला आणि उठला. "चढ त्या फळीवर. बुजगावण्यानं शिकवलेला धक्का दाखवतो."

व्हर्लन कसाबसा माझ्यावर चढला आणि ब्रॅनमसारखा ओरडू लागला. क्लेलने गुडघे वाकवले, जिथे पूर्वी गादी होती तिथे खांदा लावला आणि जोर केला. माझ्या पट्ट्या मातीत रुतल्या होत्या. जन्मभर मी कोणाच्या धक्क्याने सहज हललो नव्हतो. पण खरे सांगतो, त्या दिवशी मी स्वतःहून वीतभर सरकलो.

"टीगचं शिक्षण," क्लेल धापा टाकत म्हणाला.

"ब्रॅनमचं वजन," व्हर्लन वरून म्हणाला.

"म्हणजे ठरलं नाही का?" मिस रोवीनांनी विचारले.

"नाही," दोघे म्हणाले. मिस रोवीनांनी फोन परत पिशवीत ठेवला आणि एक अंडे उचलले. ते त्यांनी कसे संपवले ते मी सांगत नाही.

पुढच्या शनिवारी क्लेलने माझ्यासाठी तेलाचा डबा आणला. आता कधीकधी ते मला ढकलतात, म्हणून मी फार गंजलेला त्यांना चालत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या दारात माझ्यासारखे काही पडलेले असेल तर त्याला तेल द्या. आणि तुमच्याशी रोज भांडणारा माणूस एखाद्या दिवशी गप्प बसला, तर घाईने त्याला जिंकू देऊ नका. शेजारी बसा, आणि त्याचा कोच बुजगावणं होता असे त्याला सांगा.