चमचा जागचा हलला नाही

"च... च..." सासऱ्यांची जीभ टाळूला लागली, तेवढ्यात पडद्यावरचा चमचा जाऊन तिथे छत्री आली.

"गेला चमचा!" सासूबाई म्हणाल्या. "अगं, तुझा प्रोग्राम अगदी तुझ्यासारखा. समोरच्याचं पुरतं ऐकून म्हणून घ्यायचं नाही!"

सून हसली, पण सासऱ्यांनी तोंड फिरवून घेतलं. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. आता कुठे शब्द जिभेपर्यंत येऊ लागले होते. सरावासाठी सुनेनेच हौसेने हा प्रोग्राम लिहिला होता. पण हल्ली तो सुरू केला की सासरे डोळे मिटून घेत. सराव सुटला तर आलेले शब्दही परत फिरतील, असं वाचोपचाराच्या बाईंनी बजावलं होतं.

चूक तिचीच होती. तिने चित्रांना टायमर लावला होता; वेळ संपली की पुढचं चित्र. तिने लॅपटॉप ओढला, टायमर काढला आणि त्या जागी एक ‘प्रॉमिस’ लिहिलं, म्हणजे ठरलेली गोष्ट होईपर्यंत प्रोग्रामला थांबवून ठेवणारी ओळ. प्रोग्रामने चित्र दाखवायचं आणि थांबून राहायचं. काम झालं, हे सांगण्याचा अधिकार आता घड्याळाला नव्हता, कीबोर्डवरच्या खालच्या लांबट बटणाला होता.

"बाबा, तुम्ही दाबाल तेव्हाच पुढे. बघा तरी."

त्यांनी नाखुशीनेच बटण दाबून पाहिलं. छत्री, मांजर, शिडी, टोपी... सगळी चित्रं भर्रकन पळत सुटली.

"अगं बाई, शाळा सुटली!" सासूबाई ओरडल्या.

सुनेने कपाळावर हात मारला. प्रॉमिस तिने सुरुवातीला एकदाच केलं होतं. ते एकदा पुरं झालं की झालं. पुढच्या चित्रांना रान मोकळं! दर चित्राला नवं प्रॉमिस हवं, हे ऑफिसात नवख्यांना तीच ओरडून सांगत असे. इकडे सासरे खांदे गदागदा हलवत हसत होते. तिने ती ओळ उचलून दर चित्रापाशी नेली.

पुन्हा चमचा आला. सासूबाई शब्द पुरवणार, तोच सुनेने त्यांचा हात दाबला.

"आई, थांबा. प्रोग्रामसुद्धा थांबलाय."

"च..." चमचा जागचा हलला नाही. "चम..." तरीही नाही.

"चमचा."

"बोलले गं!" सासूबाईंचा आवाज चिरकला. "अहो, दाबा ना आता बटण!"

सासऱ्यांनी एक बोट वर केलं, दम धर म्हणून. शर्टाची कॉलर नीट केली. पडद्याकडे बघत पुन्हा एकदा, सावकाश, "चमचा" म्हणाले, आणि मग बटण दाबलं.