आपला तो बाब्या

इथे कुलपं बनवणाऱ्या परदेशी मालकीच्या कंपनीचं अपील आपल्याच टेबलावर का आलं, हे बाईंना साहेबांच्या आवाजावरूनच कळलं. बाई करखात्यात अपिलं ऐकत. त्यांच्या नवऱ्याची उमेदीची वर्षं ज्या कारखान्यात गेली, तो याच कंपनीच्या स्वस्त कुलपांपुढे बंद पडला होता.

"साहेब, हे दुसऱ्या कोणाकडे द्या. माझ्या घरचं तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून तर! तुमच्याइतकी झळ कोणाला बसलीय? शिवाय बाकी कोणी मोकळंही नाही."

बाईंनी आणखी हुज्जत घातली नाही. हल्ली त्यांना हुज्जतीचाही कंटाळा येई.

सुनावणीला पंखा बंद होता. खात्याचा वकील मान पुसत म्हणाला, "कंपनीचे मालक बाहेरचे. म्हणून करावर जादा अधिभार लावला."

"इथल्या मालकाने हीच कुलपं केली, तेवढाच नफा कमावला, तर?"

"तर नाही लागत."

"का?"

"बाई, ते आपले आहेत ना."

"म्हणजे आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं." कोणी हसलं नाही, बाईंनाही हसू आलं नव्हतं. "अहो, आपल्या आणि त्यांच्या देशाने दुहेरी कर टाळायचा करार केलाय. एकाच नफ्यावर दोनदा कर नको, एवढंच त्यात नाही. मालक परका आहे म्हणून इथल्या तशाच कंपनीपेक्षा जास्त बोजा टाकणार नाही, हेही आपण सही करून कबूल केलंय. उद्या आपल्या माणसाने तिकडे कारखाना काढला, तर तोही याच कलमाचा आधार घेणार."

बाईंनी अधिभार रद्द केला.

घरी नवरा भांडी विसळत होता. "निकाल कोणाच्या बाजूने लागला?"

"त्यांच्या."

नळ तसाच वाहत राहिला. "आणि माझं काय गं?"

"तुमचं वाईट झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ते या कराने भरून निघणार नव्हतं."

त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि न जेवताच आत जाऊन पडला. पुढे कितीतरी दिवस घरात अबोला होता.

लवकरच बाईंची बदली झाली, जुन्या फायलींच्या तळघरात. खात्याने वरच्या कोर्टात धाव घेतली आणि प्रकरणाचं भिजत घोंगडं पडलं. बाईंचे केस पांढरे झाले. नवऱ्याने कोपऱ्यावर कुलपं दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं.

एके संध्याकाळी तो दारातच म्हणाला, "बातम्यांत सांगितलं. कोर्टाने तुझाच निकाल कायम केला."

"हो का?" बाई खुर्चीत टेकल्या. इतकी वर्षं वाट पाहिलेला आनंद काही केल्या वर येईना.

"तू बरोबरच होतीस. पण माझा राग गेलेला नाही हां."

"असू दे," बाई म्हणाल्या. "आधी जेवून घेऊ."