घरच्यांच्या वस्तू बघत नाही

आमच्या ह्यांचा धंदा जुन्या लष्करी बंदुका आणि संगिनी ओळखण्याचा. लोक गोणपाटात गुंडाळून वस्तू आणतात, आणि ती कुठली, कधीची, खरी की बनावट, बाजारात मोल काय, ते हे सांगतात. पुढची खोली त्यासाठीच दिलेली आहे. तिथे एक लांब टेबल, भिंग, सुती हातमोजे आणि कायम बंदुकीच्या तेलाचा वास. माझ्या पडद्यांनासुद्धा तो वास येतो, पण बोलायची सोय नाही.

येणारे हसत येतात आणि बहुतेक तोंड पाडून जातात. आजोबांनी लढाईतून आणलेली बंदूक निम्म्या वेळा कवायतीची निघते, नळीला भोक पाडलेली. नाहीतर कुणी हौसेने दस्ता घासून चकचकीत केलेला असतो आणि घासण्यात वरचे शिक्केच गेलेले असतात. हे तोंडावर सांगतात. गोड बोलणं ह्यांना जमत नाही, लग्नाच्या आधीपासून नाही.

म्हणूनच ह्यांनी एक नियम केला होता. घरच्यांच्या वस्तू बघायच्या नाहीत. एका चुलत सासऱ्यांची पराक्रमी तलवार ह्यांनी नाटकातली ठरवली, तेव्हापासून ते घर आमच्याशी बोलत नाही. ह्यांनी कानाला खडा लावला. कुणी नातेवाईक ‘जरा एक वस्तू बघशील का’ म्हणाला, की ह्यांचं उत्तर ठरलेलं, ‘परक्यांच्या बघतो, घरच्यांच्या नाही.’

काचेच्या कपाटात मात्र एक घरचीच रायफल होती, माझ्या सासऱ्यांची. ते सैन्यात होते. नळी कायद्याप्रमाणे बंद केलेली, पण बाकी सगळं जिथल्या तिथे, एकाही स्क्रूवर चुकीच्या पेचकसाचा ओरखडा नाही. शेजारी संगिनीचं म्यान, त्याच्या तोंडाशी रायफलवरचाच नंबर, चार शून्य एक सात. आणि म्यानात संगीन नाही.

सासरे हयात असताना ह्यांनी विचारलं होतं, ‘बाबा, संगीन कुठंय?’ ते म्हणाले, ‘ती नोकरीला लागली.’ सासऱ्यांना अशी तिरकी उत्तरं द्यायची खोडच होती. हे धरून चालले की कधीतरी नड आली असेल, विकली असेल, सांगायला लाज वाटत असेल. मग ते गेले आणि हे शोधायला लागले.

किती शोधली म्हणून सांगू! मुलांच्या सुट्ट्या आम्ही जुन्या बाजारांतून काढल्या. ओळखीच्या प्रत्येक व्यापाऱ्याकडे तो नंबर देऊन ठेवलेला. एकदा एकाने बरोबर त्याच नंबरची संगीन पाठवली. माझ्या अंगावर काटा आला. ह्यांनी भिंग लावलं, कडेवरून बोट फिरवलं आणि ती बाजूला सारली. म्हणाले, ‘लोखंड जुनं, आकडे कालचे. ठोकताना वर आलेली कड अजून बोटाला लागतेय.’ दिवसभर जेवले नाहीत.

आणि गंमत बघा. जोडीतली एकच वस्तू घेऊन कुणी आलं, की हेच त्याला सांगत, ‘बाहेर शोधू नका. आधी घरात विचारा, बायकांना विचारा. असल्या संगिनींची चुलीतला विस्तव सारायची सळी होते, पहार होते.’ लोक खरंच घरी जात आणि घेऊन येत.

ह्यांना एकच बहीण. माझ्यापेक्षा थोडी लहान, बोलायला मोकळी, आणि झाडांची भयंकर वेडी. दुसऱ्या गावात राहायची. तिचा फोन आला की मी तास तास बोलायची, हे दोन मिनिटं. गुडघा कसा आहे, पाऊस आहे का, ठेवतो. शेवटच्या काही वर्षांत ती दर फोनला म्हणायची, ‘दादा, एकदा ये ना घरी. तुला एक वस्तू दाखवायचीय.’

‘फोटो पाठव.’

‘फोटोत काय मजा? हातात घेऊन बघ की.’

‘घरच्यांच्या बघत नाही, माहितीये ना तुला?’ असं म्हणून हे हसायचे. तीही हसायची. ह्यांना वाटे, सासरचं पितळेचं काहीतरी असेल, आणि वाईट सांगितलं तर रडेल. ज्या गावात ती राहायची, तिथल्या जुन्या बाजाराला हे दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा घाई होती. मागच्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली.

तिची मुलगी परवा आमच्याकडे आली. घर आवरायला काढलं होतं, आईच्या चार वस्तू मला द्यायच्या होत्या. चहा झाला आणि तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

‘मामा, तुझा नियम माहितीये मला. पण एवढं एक बघशील? विकायचं नाहीये मला. नुसतं काय आहे ते सांग.’

कागदातून तिच्या आईचं खुरपं निघालं. पातं वीतभर, टोक कधीतरी मोडून गोल घासलेलं, मुठीला गडद हिरवा रंग, खाचांतून वाळलेली माती. एरवी ह्यांनी हात झटकले असते. पण बहीण गेल्यापासून ह्यांना नाही म्हणताना जड जातं. ह्यांनी हातमोजे घातले.

मुठीच्या शेवटाशी असलेला खटका ह्यांनी दाबला, तो लोण्यासारखा आत गेला. मग आडव्या पट्टीवरची गोल कडी बघितली, जिच्यातून बंदुकीची नळी जाते. मग तेलाचा थेंब आणि लाकडी काडी घेऊन पट्टीवरची माती आणि रंग हळूहळू उकरायला लागले.

‘आजोबांनी आईला दिलं होतं,’ भाची सांगत होती. ‘तिचं लग्न झालं तेव्हा. म्हणाले, हिने आता फक्त माती उकरायची, दुसरं काही करायचं नाही. आणि तेल कसं द्यायचं ते शिकवलं. दर रविवारी तेल द्यायची आई. म्हणायची, दादाच्या कामातली वस्तू आहे, तो बघताक्षणी ओळखेल. तिला फार दाखवायचं होतं तुला. राहूनच गेलं, नाही?’

मी ह्यांच्या खांद्यावरून बघत होते. आधी सात दिसला. मग एक, मग शून्य. चार मी बघितलाच नाही, गरज नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आम्ही मुलाबाळांसकट घातला होता. ह्यांनी अख्ख्या जगाला विचारलं, फक्त बहिणीला विचारलं नाही. तिला त्यातलं काय कळतंय, म्हणून.

मला वाटलं, आता बोलतील. बोलायचाच अवकाश, पोरीने ती तिथेच ह्यांच्या हातात ठेवली असती. तशीच आहे ती, आईवर गेलीय. पलीकडे कपाटात रायफल उभी होती. ह्यांनी काडी खाली ठेवली.

‘संगीन आहे,’ हे म्हणाले. ‘अस्सल. सैन्यातली.’

‘खरंच? मग महाग असेल?’

‘नाही. टोक गेलंय, मूठ रंगवलीय. बाजारात काही मिळायचं नाही.’

‘बरं झालं,’ ती हसली. ‘मग कुणी मागायला येणार नाही. मी आईची झाडं माझ्याकडे नेलीत ना मामा, दुसऱ्या कशाने त्यांची माती उकरवत नाही बघ.’

हे उठले. कपाट उघडलं, म्यान काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ‘उघडी नेऊ नकोस, हात कापेल. ह्यात घाल.’ मी तोंड उघडणार होते, पण ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कपबशा उचलल्या.

पातं निम्मं राहिलेलं, म्यान पूर्ण लांबीचं. संगीन आत गेली आणि वाजायला लागली. भाचीने कौतुकाने दोनदा हलवून बघितली, मामाच्या पाया पडली आणि निघाली.

‘अहो, सांगितलं का नाही?’ दार लावायच्या आधीच मी विचारलं. मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

‘सांगितलं असतं तर तिने दिली असती.’

‘मग?’

‘मग तिच्या आईचं तिच्याकडे काय राहिलं असतं? मला हवी होती तेव्हा मी गेलो नाही, एवढंच आहे.’

खाली जिन्यावरून संगिनीचा आवाज येत होता, पायरीगणिक एक. तो थांबेपर्यंत हे दारातून हलले नाहीत. मग हातमोजे काढले.

‘फार चांगली ठेवली होती गं तिने,’ म्हणाले. ‘इतक्या वर्षांच्या मातीत, आणि गंजाचा एक ठिपका नाही.’

इतक्या संसारात मी ह्यांच्या तोंडून कुणाच्या वस्तूचं असं कौतुक ऐकलेलं नाही. दर फोनला तिला एवढंच ऐकायचं होतं. आणि ऐकायला मी होते.