उरलेला अर्धा सामना

आम्ही मध्यंतराला उठून निघून गेलो, तेव्हापासून माझ्या नातीचा सामना संपलेला नाही. या मार्गशीर्षात त्याला नऊ वर्षं झाली.

नातीचं नाव मायाक्का. आमचं गाव जत तालुक्यात, धंदा घोंगड्या विणायचा. ती कॉलेजात बास्केटबॉल खेळायला लागली तेव्हा घरात कुणालाच त्यातलं काही कळत नव्हतं. माझा धाकटा दीर धुळा म्हणायचा, टोपलीला बूड नाही आणि या पोरी तिच्यात चेंडू भरत बसतात. तरी विद्यापीठाच्या स्पर्धेत तिच्या कॉलेजचा शेवटचा सामना ठरला, तेव्हा आम्ही चौघं एसटीनं गेलो. मी, माझा मुलगा बिरा, सून लगमा आणि धुळा.

हॉल पत्र्याचा होता, आतलं मैदान लाकडाचं. बसायच्या पायऱ्या एकाच टोकाला, एका टोपलीच्या मागं. आम्ही तिसऱ्या पायरीवर खांबाजवळ बसलो. मायाक्काला आमच्याच बाजूच्या टोपलीत चेंडू टाकायचा होता, त्यामुळे घडीघडीला ती आमच्याकडे धावत यायची, आणि चेंडू पडला की आमच्याकडे बघायची. धुळा म्हणाला, शेळ्यांमागं जा म्हटलं की हिचे पाय दुखतात. लगमासुद्धा हसली.

मग लांब शिट्टी झाली. दोन्हीकडच्या पोरी बाहेर गेल्या, आजूबाजूची माणसं उठली. बोर्डावर मायाक्काच्या कॉलेजचा आकडा मोठा होता. आम्हाला कुस्ती माहीत. पाठ लागली की संपली, कुणी पुन्हा उठून अर्धी कुस्ती धरत नाही. चारची गाडी होती आणि माझं घोंगडं मागावर तसंच राहिलं होतं. आम्ही निघालो. पोरगी मैत्रिणींबरोबर उद्या येईलच म्हणालो. बिरानं स्टँडवर अर्धा किलो पेढे घेतले आणि पोरगी जिंकली म्हणून गाडीत वाटले. कंडक्टरनं दोन घेतले.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बिरा आणायला गेला, तर हॉलमध्ये सामना चालू होता.

टेबलावर घड्याळ सांभाळणारे एक सर होते. ते बिराला म्हणाले की तिनं घरच्या माणसांना बघितलं की सामना संपवू. बिरानं हाका मारल्या. ती खांबाजवळच्या तिसऱ्या पायरीकडे बघत होती आणि बिरा दारात उभा होता. मग सरांनी हॉल बंद केला. तेव्हापासून वर्षातून एकदा, स्पर्धेच्या दिवशी तो उघडतो, आणि आम्ही जातो. आम्ही परत आलो आहोत एवढं तिला कळलं पाहिजे. दुसरं काही नको.

अडचण अशी की मैदान लांबतं.

पहिल्या दिवशी ते एकसष्ट हात होतं. मी जन्मभर ताणा लावलाय, मला लांबी नजरेनं कळते. साडेनऊ घोंगड्या टोकाला टोक लावून ठेवाव्यात, एवढं. पुढच्या वर्षी ते सत्तर हात झालं. हॉल बाहेरून तेवढाच राहिला, त्यामुळे वाढलेली लांबी पायऱ्यांमधून गेली. आमची तिसरी पायरी आणि तो खांब आधी गेले. आम्ही वरच्या पायरीवर बसलो. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हेही आम्हाला तेव्हाच कळलं. आता मायाक्काची टोपली पलीकडच्या टोकाला होती आणि आमच्या बाजूची टोपली तिनं राखायची होती. पण तिची टीम जोरात होती, म्हणून खेळ पलीकडेच चालायचा. आमच्याकडे कुणी येईना.

ती थांबली, पाणी प्यायली, की जिथं खांब होता तिथं बघायची. आम्ही त्याच्या मागं दहा हातांवर चौघं उभं राहून ओरडायचो. तिला ऐकू जायचं नाही.

तिसऱ्या वर्षी कारण कळलं. आम्ही नुकतेच बसलो होतो, कुणी तोंडही उघडलं नव्हतं, आणि ती एकदम वळली. बिराची मागल्या वर्षीची हाक तिच्यापर्यंत पोचली होती. तिनं बिरा मागल्या वर्षी जिथं उभा होता तिथं बघितलं. तिथं आता मैदान होतं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग खेळायला लागली.

त्यानंतर आम्ही धुळाच्या सांगण्यावरून पुढच्या वर्षीचा अंदाज धरून हाका मारायला लागलो. या वर्षी ज्या जागी बसलोय तिथून नाही, तर पुढच्या वर्षी जिथं बसू तिथून, मागच्या भिंतीला चिकटून. पण मैदान किती लांबेल ते दरवर्षी वेगळं असायचं. धुळा म्हणाला, मेंढराचा अंदाज लागतो, लाकडाचा नाही.

सहाव्या वर्षी पायरीवर तिघांचीच जागा उरली. धुळा म्हणाला, मी बाहेर चहा घेतो, तुम्ही बघा. घरी आल्यावर त्यानं मायाक्काच्या बुटांकडे बोट केलं आणि हे कुणाचे म्हणून विचारलं. आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

मागल्या वर्षी दोघांची जागा होती. बिरा दारात थांबला. संध्याकाळी घरी येऊन त्यानं तिच्या फोटोची चौकट पुसली आणि फोटोतल्या पोरीचे हात बघून म्हणाला, चांगली विणकरीण होईल ही, कुणाची आहे? लगमानं त्याला जेवायला वाढलं. तिनं काही सांगितलं नाही. मीही नाही. सांगून बघितलं होतं धुळाला. तो ऐकून घ्यायचा, डोळे पुसायचा, आणि सकाळी पुन्हा विचारायचा.

म्हणजे ज्याला बसायला जागा नाही, त्याच्यापाशी ती राहत नाही.

या वर्षी आम्ही दोघीच गेलो. दुपारचे दोन वाजले होते. टेबलावरच्या सरांचे केस पांढरे झालेत. त्यांनी विचारलं, घरचे किती जण? मी म्हटलं, दोघी. ते म्हणाले, जागा एकच आहे.

"मागल्या वर्षी दोन होत्या," मी म्हटलं.

"मागल्या वर्षी मैदान आखूड होतं," सर म्हणाले.

मी बघितलं. दोनशे हातांच्या वर होतं. पायरी म्हणून भिंतीला लागून एक फळी उरली होती, पाटाएवढी. पलीकडच्या टोकाला पोरी मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. जर्सीवरचं नाव वाचायचं म्हटलं तरी वाचता येईना. अक्षरं मला मायाक्कानंच शिकवली, साठी उलटल्यावर, चुलीतल्या कोळशानं भिंतीवर काढून. तरी त्या पोरींतली मायाक्का कोणती हे मला कळत होतं. ती पळताना डावा खांदा थोडा खाली टाकते.

मी लगमाला म्हटलं, तू बस. तू आई आहेस. मी म्हातारी, माझ्यापाशी राहून किती दिवस राहील ती. हे मी गाडीत येतानाच ठरवलं होतं. माझ्या पिशवीत एक चिठ्ठी होती, तिच्यात मायाक्काचं नाव लिहिलं होतं, म्हणजे विसरल्यावर निदान वाचता येईल.

लगमानं फळीकडे बघितलं. मग माझ्याकडे. ती मला आत्ती म्हणते. तीस वर्षांत तिनं मला उलट उत्तर दिलेलं नाही.

"आत्ती, त्या दिवशी पैल्यांदा तुम्ही उठलासा," ती म्हणाली.

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"मी म्हटलं व्हतं, पोरगी बाहीर आली की तिला भेटून जाऊ. तुम्ही म्हणालासा, गाडी चुकंल."

"व्हय," मी म्हटलं.

"नऊ वर्सं मी ते गिळलं. आता मला नगं. मला आता झोपायचंय." तिनं माझ्या दंडाला धरून मला फळीवर बसवलं. जोरानं नाही. आजाऱ्याला बसवतात तसं. "तुम्ही बसा. आणि आता उठायचं नाही."

ती दाराकडे गेली. दार फार लांब नव्हतं, सात-आठ हात असेल. तिथं जाऊन तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

खेळ चालू होता. थोड्या वेळानं मागल्या वर्षीची हाक तिकडे पोचली. मागल्या वर्षी लगमानं हाक मारली होती, घसा फाटेपर्यंत. पलीकडच्या टोकाला मायाक्का थांबली. तिनं आपल्या आईचा आवाज ओळखला असणार, कारण तिनं चेंडू सोडून दिला आणि दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली. लगमा मागल्या वर्षी जिथून ओरडली होती तिकडे ती बघत होती; तिथं आता मैदान होतं. मी हात हलवले. बसूनच हलवले.

दारातून लगमा म्हणाली, "कुणाची पोरगी हाय वो ती? भारी दिसती."

मी सांगितलं, एका घोंगडीवाल्याची. ती बरं म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला होता, लग्न होऊन आली तेव्हा होता तसा. मला तिच्याकडे फार वेळ बघवेना.

तो सोडलेला चेंडू दुसऱ्या टीमच्या पोरीनं उचलला आणि आमच्या बाजूला फेकला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो घ्यायला इकडे कुणीच नव्हतं. चेंडू टप्पे घेत येत राहिला, टप्पे लहान होत गेले, मग तो नुसता घरंगळत आला. तेवढ्यात माझ्या फळीखालची जमीन सरकली. मैदानाची पांढरी पट्टी माझ्या पावलांखालून मागं गेली आणि भिंतीला जाऊन लागली. फळी राहिली नाही. मी उठले नव्हते, पण उभी होते, आणि पट्टीच्या आत होते. चेंडू माझ्या पायाला लागला. मी वाकून उचलला. तो गरम होता, भाकरी ठेवलेल्या फडक्यासारखा.

टेबलावरच्या सरांनी शिट्टी वाजवली नाही.

मायाक्का इकडे यायला निघाली. टोपली राखायची तर तिला यावंच लागणार होतं. दोनशे हात पळायला वेळ लागतो. आधी तिचा डावा खांदा दिसला, मग वेणी, मग जर्सीवरचा नऊचा आकडा, मग कपाळावरची ती खोक, जी लहानपणी मागाची दांडी लागून झाली होती. ती एकोणीस वर्षांचीच होती. ओठ सुकले होते. बुटांची टोकं फाटून अंगठे दिसत होते.

मी नाव घेतलं. एवढ्या जवळून घेतलेलं नावही जायला वेळ लागत असेल, कारण ती तशीच येत राहिली.

माझ्यापासून दोन हातांवर ती थांबली. गुडघे वाकवले. दोन्ही हात पूर्ण पसरले, बोटं ताठ, इकडून जाऊ द्यायचं नाही की तिकडून जाऊ द्यायचं नाही असे. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. तिची नजर चेंडूवर होती. चेंडू मी पोटाशी धरला होता. खाली ठेवला असता तर तो घेऊन ती वळली असती.

मध्ये उभे असलेले पंच जवळ आले आणि हात हलवून मोजायला लागले. पाच मोजून होईस्तोवर चेंडू सोडला नाही तर तो काढून समोरच्यांना देतात, एवढं नऊ वर्षांत मला कळलं होतं. एक. दोन. ती आणखी एक पाऊल पुढं सरकली.